तेच भांडण, तोच अबोला: घरात आणि कार्यालयात पुन्हा पुन्हा अडणारा संवाद कसा सोडवावा

काही वाद असे असतात की त्यांचा शेवट दोघांनाही पहिल्याच वाक्याला ठाऊक असतो. विषय बदलतात, परंतु क्रम बदलत नाही: एकाने विचारायचे, दुसऱ्याने टाळायचे, पहिल्याने आवाज चढवायचा, दुसऱ्याने खोलीतून किंवा निदान संभाषणातून उठून जायचे आणि मग दोन दिवस अबोला. कार्यालयात अबोल्याच्या जागी ‘बघतो’ आणि ‘होऊन जाईल’ ही उत्तरे येतात, एवढाच फरक. हा एकाच जातीचा बिघाड आहे, त्याची कारणे बऱ्यापैकी अभ्यासली गेली आहेत आणि तो बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतो. मात्र ती दुरुस्ती समोरच्याच्या स्वभावापासून सुरू करता येत नाही. दोघेही जो उपाय मनापासून करत असतात, तोच समोरच्याच्या वागण्याला खतपाणी घालत असतो. म्हणून आपली स्वतःची पुढची कृती बदलणे, आणि ती वादाच्या भरात नव्हे तर डोके शांत असताना आधीच ठरवून ठेवणे, हा मला सर्वांत विश्वासाचा मार्ग वाटतो.

लक्षणे

डोंबिवलीत राहणारे एक जोडपे डोळ्यांसमोर आणू. पतीचे गावाकडचे घर राजापूर तालुक्यात आहे आणि दर मे महिन्यात, पावसाआधी घर शाकारण्यासाठी, तो भावाकडे पैसे पाठवतो. पत्नीला ही गोष्ट संयुक्त खात्यातून रक्कम गेल्याचा बँकेचा संदेश आल्यावर कळते. ‘अहो, किती पाठवले?’ या प्रश्नाला ‘पाठवले थोडे’ असे उत्तर मिळते. मग ‘तुम्ही मला कधीच काही सांगत नाही’, मग मागच्या गणपतीतल्या खर्चाची उजळणी, मग दिराच्या स्वभावाचा विषय, आणि तोवर पती मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला असतो. रात्रीची ताटे न बोलता वाढली जातात. दोन दिवसांनी चहाच्या निमित्ताने बोलणे पूर्ववत होते, परंतु पैशांचा प्रश्न तसाच राहतो आणि गणपतीला गावी जायची तयारी सुरू झाली की पुन्हा उभा ठाकतो.

दुसरे उदाहरण चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील, सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे. लेखा विभागाच्या प्रमुख मॅडमना आदल्या महिन्याची सर्व विक्री बिले आणि क्रेडिट नोटा (नाकारलेल्या मालापोटी बिलातील रक्कम कमी करणारे कागद) ५ तारखेपर्यंत हव्या असतात, कारण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची मुदत ११ तारीख असते. विक्री विभागाचे साहेब दर महिन्याला म्हणतात, ‘मॅडम, होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका.’ सहाव्या दिवशी आठवण, आठव्या दिवशी फोन, नवव्या दिवशी थेट संचालकांना प्रत टाकून कडक ईमेल, आणि त्यानंतर विक्रीचे साहेब मॅडमचा फोन उचलणेच बंद करतात. दहा तारखेच्या रात्री अर्धवट कागद येतात. एखादे बिल सुटले की ते १४ तारखेला तयार होणाऱ्या ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीवरील कराच्या यादीत, दिसत नाही, ग्राहकाला त्यावरील कराची वजावट घेता येत नाही आणि त्याचा चिडलेला फोन विक्री विभागाला न जाता लेखा विभागाला येतो. पुढच्या महिन्यात मॅडम ५ तारखेची वाट न पाहता ३ तारखेलाच कडक भाषेत सुरुवात करतात आणि साहेब त्याआधीच फोन टाळू लागतात.

या दोन्ही ठिकाणी एक व्यक्ती मागे लागते आणि दुसरी माघार घेते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडप्यांच्या चर्चांमधील हीच घडण तपासली. पत्नीला हव्या असलेल्या बदलावर चर्चा चालली असताना पत्नी मागे लागते आणि पती माघार घेतो, हे चित्र ठळक होते. पतीला हव्या असलेल्या बदलावर बोलणे सुरू झाले तेव्हा दोघांमधला तो फरक उरला नाही. म्हणजे ‘बायकांना कटकट करायची सवयच असते’ किंवा ‘पुरुष घुमेच असतात’ असे म्हणून हा प्रश्न मिटवता येत नाही. ज्याला काहीतरी बदलून हवे आहे तो बोलत सुटतो आणि ज्याला आहे ते चालू राहिले तरी चालणार आहे तो गप्प राहतो, या स्पष्टीकरणात मला अधिक तथ्य वाटते, कारण कारखान्याच्या उदाहरणालाही ते जसेच्या तसे लागू पडते.

बिघाड नेमका कोठे आहे

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे काम करणारे पॉल वॉट्झलाविक, जॅनेट बीव्हिन आणि डॉन जॅक्सन यांनी १९६७ साली एक साधे निरीक्षण मांडले होते, जे मला आजही या विषयातले सर्वांत उपयोगी निरीक्षण वाटते. पती सांगतो की ती टोचून बोलते म्हणून मी गप्प होतो. पत्नी सांगते की ते गप्प होतात म्हणून मला टोचून बोलावे लागते. दोघेही खरे सांगत असतात. फक्त घटनांची साखळी प्रत्येक जण वेगळ्या कडीपासून मोजायला सुरुवात करतो आणि म्हणून प्रत्येकाला आपली कृती म्हणजे प्रतिक्रिया आणि समोरच्याची कृती म्हणजे सुरुवात वाटते. ‘सुरुवात कोणी केली’ या प्रश्नावर कितीही रात्री घालवल्या तरी उत्तर मिळत नाही, याचे कारण हेच आहे. तेथीलच मंडळींनी पुढे १९७४ च्या सुमारास असेही दाखवले की पुष्कळदा मूळ अडचण किरकोळ असते आणि तिच्यावर पुन्हा पुन्हा केला जाणारा निष्फळ उपायच तिला मोठी करतो.

डोंबिवलीच्या घरात हे तपासून पाहावे. पत्नीला भीती गृहकर्जाच्या हप्त्याची आहे आणि अधिक ठामपणे विचारले तरच उत्तर मिळेल असे तिला वाटते, म्हणून ती ठामपणा वाढवते. पतीला आकडा सांगण्याची भीती नाही. आकडा सांगितला की पुढचे वाक्य भावाच्या लायकीवर जाईल याची भीती आहे, आणि विषय वाढू द्यायचा नसेल तर गप्प बसावे असे त्याला वाटते, म्हणून तो गप्प बसतो. तिचा ठामपणा त्याची भीती खरी ठरवतो आणि त्याचे मौन तिचा संशय खरा ठरवते.

कारखान्यातही असेच काहीतरी दडलेले असते. क्रेडिट नोट काढायची तर ग्राहकाने किती माल नाकारला हे नक्की व्हावे लागते, तो आकडा ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाकडून यायचा असतो, आणि तो आलेला नाही हे सांगणे म्हणजे सबब सांगणे वाटेल म्हणून विक्रीचे साहेब ‘होऊन जाईल’ म्हणत राहतात. ज्याला आपण बेफिकिरी समजतो तिच्यामागे अनेकदा अशी एखादी न सांगितलेली अडचण असते आणि आपण जितके कडक होतो तितकी ती सांगणे अवघड होत जाते.

कोणताही उपाय करण्याआधी एक तपासणी

पुढील सारे उपाय अशा नात्यांसाठी आहेत जेथे दोघेही एकमेकांना घाबरत नाहीत. जेथे मारहाण होते, धमकी दिली जाते, खर्चाला पैसे न देऊन किंवा माहेरच्यांशी बोलणे बंद करून ताबा ठेवला जातो, तेथील मौन किंवा आरडाओरडा ही संवादाची चूक नसते आणि तेथे बोलण्याची पद्धत सुधारण्याची जबाबदारी सोसणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शारीरिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही म्हण अशा घरात कोणी ऐकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

एक सीमारेषेवरची परिस्थिती मात्र नीट ओळखावी लागते, ती म्हणजे शिक्षा म्हणून धरलेला अबोला. गोंधळून, थकून किंवा घाबरून गप्प झालेला माणूस शांत झाल्यावर आपणहून कोठेतरी परत येतो, निदान साध्या गोष्टी बोलू लागतो, आणि विषय निघाला तर अस्वस्थ होतो. शिक्षा म्हणून गप्प बसलेला माणूस आपले म्हणणे मान्य होईपर्यंत किंवा माफी मागितली जाईपर्यंत बोलत नाही, इतरांशी त्याच वेळी हसून बोलतो, आणि त्याचे मौन हवे ते मिळताच एका क्षणात संपते. पहिल्या प्रकारच्या मौनाला पुढील उपाय लागू पडतात. दुसऱ्या प्रकारचे मौन वारंवार होत असेल तर तिसऱ्या, प्रशिक्षित व्यक्तीची मदत घ्यावी आणि मध्यंतरी मौन मोडण्यासाठी न केलेल्या चुकीची माफी मागू नये, कारण त्या माफीने ते हत्यार अधिक धारदार होते.

आधी चक्र कागदावर उतरवावे

शेवटचे दोन-तीन प्रसंग आठवून ते क्रमाने लिहून काढावेत आणि लिहिताना केवळ क्रियापदे वापरावीत. ‘ते नेहमीसारखे बेजबाबदारपणे वागले’ असे न लिहिता ‘मी विचारले, ते मोबाइल पाहू लागले, मी आवाज वाढवला, ते गॅलरीत गेले, मी मागून गेले’ असे लिहावे. विशेषणे गाळली की दोन गोष्टी दिसू लागतात. पहिली म्हणजे तेच पाच-सहा टप्पे प्रत्येक वेळी येतात. दुसरी म्हणजे त्यांतील निम्मे टप्पे आपले स्वतःचे आहेत. त्यांपैकी सर्वांत लवकर येणारा आणि बदलायला सर्वांत सोपा असलेला एकच टप्पा निवडावा. सगळेच एकदम बदलायला गेले की पहिल्याच ताणात माणूस जुन्या वाटेला लागतो.

हा कागद समोरच्याला पुरावा म्हणून दाखवू नये. तो शांत वेळी, दोघांनी मिळून पाहायचा असेल तर ‘आपल्या दोघांत हे असे होते, तुम्हालाही असेच दिसते का?’ असे विचारून पाहावा, आणि त्यांनी एखादा टप्पा वेगळा सांगितला तर तो तसाच लिहून घ्यावा.

मागे लागणाऱ्या व्यक्तीसाठी

सर्वाधिक फरक पहिल्या दोन वाक्यांनी पडतो. अमेरिकेतील संशोधक सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२४ नवविवाहित जोडप्यांच्या मतभेदावरील चर्चा पाहिल्या होत्या आणि चर्चेच्या केवळ पहिल्या तीन मिनिटांवरून पुढे कोणती लग्ने मोडतील याचा बऱ्यापैकी अंदाज करता आला होता. नकारात्मक सूर घेऊन सुरू झालेली चर्चा सहसा तशीच पुढे जात राहते. म्हणून सुरुवातीच्या वाक्यात तीन गोष्टी असाव्यात: नेमके काय घडले, त्याने आपली कोणती अडचण झाली, आणि आता आपल्याला नेमके काय हवे आहे.

‘तुम्ही मला कधीच काही सांगत नाही’ या वाक्यात यांपैकी एकही गोष्ट नाही. त्याऐवजी असे म्हणता येईल: ‘अहो, काल खात्यातून ४० हजार गेल्याचा मेसेज आला. ५ तारखेला घराचा हप्ता जायचा आहे, म्हणून मला काळजी वाटली. आज जेवण झाल्यावर दहा मिनिटे बसून या महिन्याचा हिशेब पाहूया का?’ यात भावाचे नाव नाही, मागचा गणपती नाही, ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ नाहीत. शिवाय प्रश्नाला ‘हो’ म्हणणे समोरच्याला सोपे आहे, कारण त्यात काय मागितले आहे आणि किती वेळ लागेल हे दोन्ही कळते.

येथे एक सापळा आहे. ‘मला असे वाटते’ या शब्दांनी वाक्य सुरू केले की ते सौम्य होते, अशी समजूत प्रशिक्षण वर्गांमुळे पसरली आहे. ‘मला असे वाटते की तुम्हाला माझी किंमतच नाही’ हे वाक्य आरोपच आहे आणि ऐकणारा त्याला आरोप म्हणूनच उत्तर देतो. ‘वाटते’च्या पुढे काळजी, भीती, थकवा, एकटेपणा यांपैकी काही येत असेल तर वाक्य आपल्याबद्दल आहे; समोरच्याच्या हेतूचे वर्णन येत असेल तर ते अजून त्याच्याबद्दलच आहे.

दुसरा बदल वेळेचा. दारातून आत पाऊल टाकताच, मुलांच्या परीक्षेच्या आदल्या रात्री, लोकलमध्ये उभ्याने फोनवर किंवा पाहुण्यांसमोर हा विषय काढू नये. यात नमते घेण्यासारखे काही नाही. थकलेल्या माणसाकडून ‘हो’ मिळाले तरी ते टिकत नाही.

एकदा विचारून झाल्यावर थांबणे हा सर्वांत कठीण भाग आहे. उत्तर येईपर्यंतच्या शांततेत दुसरा, तिसरा प्रश्न विचारण्याचा मोह होतो, कारण त्या शांततेचा अर्थ नकार असा लावण्याची आपल्याला सवय झालेली असते. ती काही क्षणांची शांतता समोरच्याला भरू द्यावी.

गप्प होणाऱ्या व्यक्तीसाठी

गप्प बसणाऱ्याला सहसा असे वाटते की आपण काहीच केले नाही, भांडण तर समोरच्याने केले. प्रत्यक्षात गप्प बसणे हेही समोरच्यापर्यंत पोहोचणारे उत्तर असते आणि ते बहुधा ‘तुझे म्हणणे ऐकण्याच्या लायकीचे नाही’ असे पोहोचते, मनात तसे काही नसले तरी.

या मौनाला शरीराचीही बाजू आहे. वादाच्या भरात हृदयाची गती मिनिटाला १०० ठोक्यांच्या पुढे गेली की ऐकणे, समजून घेणे आणि विचारपूर्वक उत्तर देणे या क्षमता घसरतात, असे गॉटमन आपल्या संशोधनाच्या आधारे सांगतात, आणि शरीर पूर्ववत व्हायला निदान २० मिनिटे द्यावीत असा त्यांचा सल्ला आहे. त्यामुळे छातीत धडधड होऊ लागली, कान तापले, तीच दोन वाक्ये डोक्यात फिरू लागली की थांबणे योग्यच आहे. प्रश्न कसे थांबावे याचा आहे.

‘नंतर बोलू’ असे म्हणून उठणे हा त्या बिघाडाचाच भाग आहे, कारण ते ‘नंतर’ कधी येत नाही हे समोरच्याला अनुभवाने ठाऊक असते. थांबताना परत येण्याची वेळ सांगावी आणि विषय पुन्हा काढण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी: ‘माझे डोके आत्ता तापले आहे, मला नीट बोलता येणार नाही. मी खाली एक फेरी मारून येतो, साडेनऊला बसू, विषय मीच काढतो.’ आणि साडेनऊला खरोखर विषय काढावा. हे दोन-तीन वेळा पाळले गेले की मागे लागणाऱ्या व्यक्तीची मागे लागण्याची गरजच कमी होते, असे अनेक घरांत दिसते. गप्प होणाऱ्याच्या हाती असलेला हा सर्वांत मोठा उपाय आहे आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. मधल्या वेळात मनातल्या मनात उत्तरांची जुळवाजुळव करत बसले तर शरीर शांत होत नाही, म्हणून चालावे, भांडी लावावीत, दूध आणायला जावे, गच्चीवर जावे. एका खोलीच्या घरात वेगळे बसायला जागा नसते, तेथे ही छोटी बाहेरची कामे आधीच ठरवून ठेवलेली बरी.

परत आल्यावर पहिले वाक्य माहितीचे असावे, बचावाचे नव्हे. ‘४० हजार पाठवले. दादाने मागितले तेव्हा मला नाही म्हणता आले नाही, आणि सांगितले तर दादावर बोलणे येईल म्हणून मी टाळले.’ एवढे सांगितले की मूळ प्रश्न पहिल्यांदाच टेबलावर येतो.

निरोप्यांना मोकळे करावे

चक्र जुने झाले की त्यात तिसरा माणूस ओढला जातो. ‘बाबांना सांग, जेवण वाढले आहे’ असे लेकीकरवी सांगणे, सासूबाईंनी सुनेबद्दलची तक्रार मुलाकडे करणे, लेकी बोले सुने लागे या चालीने भलत्याला सुनावणे, आणि कार्यालयात थेट बोलण्याऐवजी वरिष्ठांना ईमेलची प्रत टाकणे ही सारी एकाच प्रकारची वागणूक आहे. कुटुंबांवर काम करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी दोघांमधला ताण असह्य झाला की तिसरा कसा सामील केला जातो, हे आपल्या मांडणीच्या केंद्रस्थानी ठेवले होते. तिसऱ्यामुळे दोघांचा ताण तात्पुरता हलका होतो आणि म्हणूनच मूळ प्रश्न सुटायची निकड संपते.

लहान मुलांना निरोप्या करणे तर आजच थांबवावे. मूल प्रत्येक निरोपासोबत आईवडिलांचा राग वाहून नेते आणि तो कमी कसा करायचा याची जबाबदारी आपली आहे असे समजू लागते.

मधल्या माणसाने स्वतः बाहेर कसे पडावे, हा प्रश्न आपल्याकडे विशेषतः विवाहित मुलग्यांसमोर आणि मधल्या फळीतील अधिकाऱ्यांसमोर असतो. आईला दुखवायचे नाही आणि बायकोवर अन्यायही करायचा नाही, अशा वेळी ‘आई, हे तू तिला स्वतः सांग. मी सांगितले तर त्याचा अर्थ बदलेल. हवे तर तुम्ही बोलताना मी शेजारी बसतो’ हे वाक्य उपयोगी पडते. त्यात कोणाचीही बाजू घेतलेली नाही. पहिल्यांदा आई नाराज होईल. त्या नाराजीमुळे पुन्हा निरोप वाहायला लागू नये.

कार्यालयातील ‘हो’ तपासून घ्यावे

कार्यालयात मागे लागणे आणि माघार घेणे यांत अधिकाराची भर पडते. कनिष्ठ माणूस वरिष्ठाला ‘जमणार नाही’ असे म्हणू शकत नाही, म्हणून तो ‘बघतो सर’ म्हणतो. वरिष्ठ त्याला होकार समजतो. याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात ते विमान वाहतुकीच्या क्षेत्राने फार मोठी किंमत देऊन शिकले. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान अमेरिकेतील पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळले आणि १० जण मरण पावले. चाकांच्या यंत्रणेत बिघाड असल्याच्या शंकेत वैमानिक गुंतले होते. सहकाऱ्यांनी इंधनाचा उल्लेख केला होता, परंतु परिस्थितीचे गांभीर्य कॅप्टनपर्यंत पोहोचेल अशा रीतीने नाही, आणि अधिकृत चौकशीत कॅप्टनच्या दुर्लक्षाबरोबर याही गोष्टीची नोंद झाली. अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात दोन्ही बाजू शिकवल्या जाऊ लागल्या: कनिष्ठाने धोका स्पष्ट शब्दांत कसा मांडावा आणि कॅप्टनने तो कसा ऐकून घ्यावा.

चाकणच्या कारखान्यात याचे रूपांतर साधे आहे. मॅडमनी ‘५ तारखेपर्यंत जमेल ना?’ असे विचारणे सोडावे, कारण या प्रश्नाला ‘हो’खेरीज उत्तरच ठेवलेले नाही. ‘५ तारखेला कोणते कागद नक्की येतील आणि कोणते अडतील?’ असे विचारले की अडचण सांगणे हेच प्रश्नाचे उत्तर होते आणि सबब वाटत नाही. मग ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाचा आकडा अडतो हे बाहेर येते. त्यावर बिले ५ तारखेला पूर्ण द्यावीत, ज्या क्रेडिट नोटा नक्की झालेल्या नाहीत त्या पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात घ्याव्यात आणि महिन्याच्या २५ तारखेला नाकारलेल्या मालाची यादी ग्राहकाकडून मागवावी, असा मार्ग निघू शकतो. हा मार्ग आधीही उपलब्ध होता, पण कडक ईमेल आणि न उचललेले फोन यांच्यामध्ये तो कोणाला दिसत नव्हता.

कनिष्ठाने बोलताना वस्तुस्थिती, परिणाम, हवी असलेली मदत आणि वेळ या क्रमाने बोलावे: ‘सर, तीन ग्राहकांचे आकडे आलेले नाहीत. आज आले नाहीत तर ११ तारखेच्या आत पूर्ण माहिती देता येणार नाही. आपण एकदा त्यांच्या साहेबांशी बोललात तर काम होईल, दुपारी चारपर्यंत बोलावे लागेल.’ यात उद्धटपणा नाही आणि आडवळणही नाही. वरिष्ठाने काम सांगून झाल्यावर ‘कळले ना?’ न विचारता ‘आपले काय ठरले ते एकदा सांगा’ असे म्हणावे. पहिल्यांदा हे शाळेसारखे वाटते, म्हणून आपण स्वतः आधी तसे करून दाखवावे. वरिष्ठानेच ‘मी आज तीनला त्यांना फोन करणार आणि तुम्ही उद्या सकाळी यादी देणार, बरोबर?’ असे म्हटले की इतरांना त्यात कमीपणा वाटत नाही.

व्हॉट्सॲपबद्दल एवढेच सांगतो की मतभेद समूहात लिहू नयेत. निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही म्हणजे अपमान झाला, असे मानून दुसरा संदेश टाकणे हे मागे लागण्याचेच नवे रूप आहे. एकदा फोन करावा किंवा समोर जाऊन बसावे.

बदल केल्यानंतर काय अपेक्षा ठेवावी

आपण आपली कृती बदलली की पहिल्या काही वेळा समोरचा जुनी कृती अधिक जोराने करतो, कारण त्याला अजून जुनेच उत्तर अपेक्षित असते. पत्नी शांतपणे विचारते तेव्हा पतीला त्यात काहीतरी डाव वाटतो. पती वेळ सांगून उठतो तेव्हा पत्नीला ते नेहमीचे पळणे वाटते. याच टप्प्यावर बहुतेक जण ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात. आपण काय करून पाहत आहोत हे समोरच्याला एका वाक्यात सांगून ठेवावे आणि निदान काही प्रसंग जाऊ द्यावेत.

भांडण पूर्ण थांबले का, ही कसोटी लावू नये. जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कायमस्वरूपी असतात, ते स्वभाव आणि गरजा यांतील फरकांतून येतात आणि सुखी जोडप्यांतही राहतात, असे गॉटमन यांचे निरीक्षण आहे. गावाच्या घरावर किती खर्च करावा याबद्दल डोंबिवलीच्या जोडप्याचे एकमत कदाचित कधीच होणार नाही. त्यांनी एप्रिलमध्येच वर्षाची एक रक्कम ठरवली, त्यापेक्षा अधिक लागले तर पाठवण्याआधी बोलायचे असे ठरवले आणि भावाशी बोलण्याचे काम पतीने स्वतःकडे घेतले, तर मतभेद राहूनही वाद आटोक्यात राहतो. अबोला दोन दिवसांवरून दोन तासांवर आला, जुनी उणीदुणी निघणे कमी झाले, भांडणानंतर आधी कोण बोलणार यावर अडून बसणे थांबले, या खुणा सुधारणेच्या आहेत.

एका बाजूने प्रामाणिकपणे बदल करूनही चक्र तसेच चालू राहिले, किंवा त्यात तुच्छतेची भर पडू लागली, म्हणजे नक्कल करणे, चारचौघांत कमी लेखणे, समोरच्याच्या घरच्यांची टर उडवणे, तर समुपदेशकाकडे जाण्यास उशीर करू नये. एकाला यायचे नसेल तर दुसऱ्याने एकटे जावे. चक्रातील निम्मे टप्पे त्याच्याच हातात असल्याने एकट्याने घेतलेली मदतही वाया जात नाही. जवळपास कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पहिल्या भेटीला जाताना समोरच्याच्या दोषांची यादी न नेता क्रियापदांत लिहिलेला तो कागद न्यावा, आणि समुपदेशकाला एकच प्रश्न विचारावा: यातला कोणता टप्पा मी आधी बदलू?